दोन मजल्यांमधला मानक घटक

सुसूत्रता हा मानवी प्रगतीचा पाया आहे, असं सुसूत्रता समितीच्या अहवालात पहिल्याच पानावर म्हटलंय (पहिली पानं दोन आहेत).

त्या कार्यालयात खालच्या मजल्यावर अर्ज घेणारं सॉफ्टवेअर होतं, वरच्या मजल्यावर मंजुरी देणारं. दोघांचं आपसात एक अक्षर बोलणं नाही. म्हणून नोंदणीच्या बाई अकरा वर्षं खालच्या पडद्यावरचं कागदावर उतरवून, बेचाळीस पायऱ्या चढून, वर पुन्हा टाइप करत. आता लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाईंना पंधरा दिवस तिच्याकडे जायचं होतं. पण गेल्या तर कार्यालय ठप्प!

तेवढ्यात सगळ्या सॉफ्टवेअरांचा मेळ घालायला समिती आली. बाईंना वाटलं, देवच पावला. सतरा कंपन्यांचे तज्ज्ञ, एकोणतीस बैठका. बैठकीचा वृत्तान्त कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा यातच पहिल्या नऊ गेल्या (शेवटी तो बाईंनी वहीत लिहिला). मग तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी केली. बाई वर गेल्या, खाली आल्या. तज्ज्ञ थक्क! माहिती गहाळ नाही, कुठल्याही कंपनीशी दुजाभाव नाही, वीज गेली तरी काम चालू. झालं, मानक एकमताने मंजूर: ‘कोणत्याही दोन सॉफ्टवेअरमध्ये एक बाई असावी.’ टाळ्यांचा नुसता कडकडाट. एका तज्ज्ञाला तर भरूनच आलं.

“अहो साहेब, पण माझी रजा?”

साहेब हळहळले. “बाई, तुम्ही आता घटक झालात. घटक रजेवर जात नाही, बिघडतो. आणि तुम्ही तर प्रमाणित!”

बाईंचं डोकंच फिरलं. चारशे पानी मानक त्यांनी घरी नेलं, भाजी निवडता निवडता वाचून काढलं (समितीत हे कोणालाच जमलं नव्हतं) आणि सकाळी साहेबांसमोर कलम एकसष्टवर बोट ठेवलं: ‘घटक अनुपलब्ध असल्यास समतुल्य घटक वापरावा. पात्रता: लिहिता येणे, जिना चढता येणे, आणि “का?” असे न विचारणे.’

“असा माणूस आणायचा कुठून?” साहेब म्हणाले.

बाईंनी खिडकीबाहेरची रांग दाखवली.

त्याच दुपारी बाई गेल्या. नात झाली, आजीसारखीच खणखणीत आवाजाची. इकडे कार्यालयाचं काम तसूभरही अडलं नाही. तुम्हाला आठवतच असेल म्हणा. खाली फॉर्म भरलात, वर जाऊन तोच पुन्हा भरलात, शिक्क्यासाठी परत खाली आलात आणि बाहेर पडताना घाम पुसत म्हणालात, “चला, सुटलो एकदाचे!” फार नेटकं काम करता हो तुम्ही. बाईंनी रजा वाढवून घेतलीय. उद्या दहाला या.