विवरात पडलेली टोपी

रविवारी सकाळी रादोवानला कामावरून बोलावणं आलं, आणि मात्सोखाचं विवर बघायला हेदविका सात वर्षांच्या अपोलेनाला घेऊन एकटीच निघाली. तिचं नि रादोवानचं लग्न नवं होतं. रादोवानची ही लेक तिला अजून 'मावशी'च म्हणे. आज तरी पोरीने आपणहून हात धरावा, एवढीच हेदविकाची इच्छा होती.

अपोलेनाच्या गेलेल्या आईची आई दारातच उभी होती. "सावत्र आई पोरीला घेऊन मात्सोखाला? दुसरी जागा नाही मिळाली?"

मात्सोखा म्हणजेच सावत्र आई. सावत्र आईने पोराला त्याच विवरात ढकललं, ही गोष्ट मोराव्हियात पाळण्यातलं मूलही जाणतं. बेत करताना हेदविकाला ती आठवलीच नव्हती.

"आजी, गोष्ट आहे हो ती."

"असू दे. तुम्ही येईपर्यंत मी इथेच बसते." आजीने स्वतः विणलेली लाल टोपी नातीच्या हनुवटीखाली करकचून बांधली.

बसमध्ये अपोलेना "गाठ काचतेय," एवढंच म्हणाली. हेदविकाने ती हलक्या हाताने सैल केली.

काठावर पोचताच अपोलेनाने हेदविकाच्या कोटाचं टोक मुठीत आवळलं. मी ढकलेन म्हणून घाबरतेय, हेदविकाला वाटलं. तेवढ्यात खालून वारा उसळला. टोपी भिरभिरत विवरात गेली.

अपोलेना किंचाळली. माणसं धावली.

"काय पडलं? पोर तर नाही ना?"

"टोपी," हेदविका म्हणाली. "गाठ मीच सैल केली होती."

"तुम्ही आई का हिची?" कुत्रं घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं.

खोटं बोलणं हेदविकाला जमत नसे. "सावत्र."

कठड्यावरची माणसं जागीच थबकली. कुत्रंसुद्धा खाली बसलं. एक टकले गृहस्थ पुढे सरकले. "बाई, जरा मागे या बघू." कुत्रेवाल्या बाईंनी अपोलेनाचा दंड धरला. "तू इकडे ये, बाळा."

अपोलेनाने दंड सोडवून घेतला आणि हेदविकाच्या कमरेला मिठी मारली. "कुणी पुढे यायचं नाही!"

"अगं, आम्ही तुलाच..."

"मला माहितीये गोष्ट! पोरगा झाडात अडकतो, वाचतो. मग गावातले लोक सावत्र आईलाच खाली टाकतात." तिने गृहस्थांकडे रोखून पाहिलं. "म्हणून तर मघापासून धरून ठेवलंय हिला."

गृहस्थांनी मुकाट्याने हात खिशात घातले.

परतीच्या बसमध्ये दोघींनी पावातलं तळलेलं मांस खाल्लं. अपोलेनाची एक मूठ कोटावर तशीच होती.

"सोड आता, राणी. विवर मागे राहिलं."

"हो," अपोलेना हळूच म्हणाली, "पण आजी घरीच बसलीय ना."