गजाअण्णांचं बोट

आमच्याकडच्या क्लब क्रिकेटमध्ये बॅटिंग करणारा संघच आपला अंपायर उभा करतो. असा अंपायर आपल्याच माणसाला पायचीत देत नाही, हे सगळ्या रायगड जिल्ह्याला ठाऊक आहे. फक्त आमच्या गजाअण्णांना नाही. समोरचे अपील करायच्या आत यांचं बोट वर. लोधिवलीच्या एका बोलरने तर स्वतःहून कबूल केलं होतं, "काका, बॉल लेगला चालला होता." अण्णा त्याला म्हणाले, "तू बोलिंग कर. निर्णय माझा हाय."

कर्जतचा आमचा क्लब आजोबांच्या काळापासूनचा. अण्णा त्यात कधी शिरले ते कुणाला आठवत नाही, त्यामुळे त्यांना बाहेर कसं काढायचं तेही कुणाला सुचत नाही. वाद घालायला जावं, तर बेल्स नीट करत म्हणणार, "मैदानात तोंड नाय उघडायचं. तक्रार हाय ना? संध्याकाळी घरी ये."

एका रविवारी मी सासऱ्यांना माझी बॅटिंग दाखवायला आणलं. पहिल्याच बॉलला अण्णांनी मला पायचीत दिलं. बॅट लागल्याचा आवाज पार झाडाखाली सासऱ्यांनी ऐकला, आणि त्यांना ऐकू कमी येतं. अर्थात पुढच्या बॉलला मी गेलोच असतो, पण तो प्रश्न वेगळा.

मॅच हरलो. कॅप्टन संतोष म्हणाला, "आता बस झालं रं. अण्णांना सांग, पुढच्या मॅचपासून अंपायरचा कोट घालायचा नाय. तू सांग, तुला बोलता येतं." मला बोलता येतं ही अफवा मीच पसरवलेली.

संध्याकाळी जवळच्या कोंडाणे गावात त्यांच्या घरी गेलो. काकी गेल्यापासून अण्णा एकटेच राहतात. ओट्यावर चहा उकळत होता, परातीत कांदाभजी होती आणि शेजारी बरेच कप मांडलेले. मी मनात मोजलं. दिवसभरात अण्णांनी आमच्यातल्या जेवढ्यांना बाद दिलं होतं, तेवढेच कप.

"बाकीचे कुठं हायत?" त्यांनी माझ्यामागे रस्त्यावर पाहिलं.

"कंटाळले, अण्णा. भांडून उपयोग नाही म्हणतात."

"पूर्वी समदे यायचे," अण्णा म्हणाले. "संत्या तर मला शिव्या देत देत जेवून जायचा." मग खुर्ची पुढे ओढली. "तू बस. घाल वाद."

कोटाचं सांगायला आलेला मी जेवणवेळेपर्यंत बॅट लागली होती की नव्हती यावर भांडत बसलो.

संतोष भडकला. "एक काम धड नाय होत तुला. मीच सांगतो आता."

पुढच्या रविवारी माझा मधला स्टंप उडाला. अण्णांना बोट हलवायचीही गरज पडली नाही. संतोष स्लिपमध्ये झेल देऊन परतला. संध्याकाळी त्याला बाईकवर मागे बसवून कोंडाण्याला नेलं. वाटभर तो कोटाचं वाक्य पाठ करत होता.

अण्णा दारातच उभे होते. मी म्हणालो, "अण्णा, तो नोबॉल होता."

संतोषने आत पाहिलं. ओट्यावर कप मांडलेले होते. तो खाली वाकून बूट काढायला लागला.

"आणि माझा कॅच," तो म्हणाला, "जमिनीला टेकला होता."