वकील नजीब यांच्या गेस्टबुकाची मोहीम

मॉनिटरापुढे टक लावून बसणाऱ्या समस्त थोर मंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, बहरीन बेटी, मनामा शहरी, शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, कार्तिक मासी वकिलीच्या दौलतीवर जो प्रसंग गुदरला आणि एका टेलिफोन लायनीवर जी मोहीम जाहली, ती लोक आपापल्या घरी मीठमसाला लावून सांगतात, कोणी म्हणतो तोफा उडाल्या, कोणी म्हणतो मोडेम जळाले. ऐसियास खरे वर्तमान एकदा कागदावर यावे म्हणोन ही हकिकत तपशिलेवार लिहिली आहे. यात अतिशयोक्ती केली ती गरजेपुरतीच.

मनाम्यात तिसऱ्या मजल्यावर वकील नजीब यांची मसनद. वकील मोठे मातब्बर, कायदा जिभेवर, बाणा असा की वकिलाने आपली दवंडी आपण पिटणे म्हणजे भाजीच्या गाडीवर उभे राहणे. परंतु समोरच्या इमारतीत हमीद वकील म्हणोन प्रतिस्पर्धी होता, त्याने वेबसाइट काढली, तीवर सोन्याचा तराजू गरगरा फिरे, आणि खाली आकडा झळके की आजवर चारशे बारा लोक येऊन गेले. ही खबर हुजुरांचे कानी आली आणि बाणा जागच्या जागी वितळला. मग दिमतीस असलेला कॉम्प्युटर ऑपरेटर सुजीतराव नागपूरकर यास फर्मान जाहले की आपलीही साइट उभारावी, तराजू हमीदच्या दुप्पट वेगाने फिरावा.

सुजीतरावांनी शर्थ केली. मासिकातून कोड उतरून घेतला, रात्रीचा दिवस केला, आणि साइट उभी राहिली. परंतु हुजुरांची तसबीर आकाराने एवढी थोर की ती पडद्यावर उतरावयास नऊ मिनिटे लागत. प्रथम कपाळ येई, मग भुवया, मग चष्मा, आणि मिशा यावयाच्या समयास लाइन तुटे. त्यामुळे पाहणाऱ्याचा समज ऐसा होई की नजीब वकिलांस हनुवटीच नाही.

लाइन तुटण्याचे कारण पुष्पलताबाई. बाई कोल्हापूरच्या, रिसेप्शनाच्या किल्लेदार, अकरा वर्षे त्या फोनवर पहारा. ऑफिसात लाइन एकच. तीवरच फोन, तीवरच फॅक्स, तीवरच इंटरनेट. आणि बाईंचा नेम असा की घटकेघटकेस रिसीव्हर उचलून कानी लावावा, लाइन जिवंत आहे की नाही पाहावे. त्या पाहत आणि ती मरे. मग आतल्या खोलीतून सुजीतरावांची हाक येई, "काहून उचलता जी मॅडम? तुम्ही उचलला का आपली साइट मरून राहिली ना!" आणि बाई उत्तर करीत, "मरू दे की! अकरा वर्षांत या फोनची तिसरी घंटा मी वाजू दिलेली नाही. तुझी साइट परवा जन्माला आली आणि तिच्यापायी फोन मुका करू होय?"

एणेप्रमाणे महिना लोटला. आकडा सतरावर आला, पैकी सोळा वेळा खासे सुजीतरावच. सतरावा कोण होता याचा शोध अद्याप लागला नाही. तेव्हा दशमीचे सुमारास, सोमवारी, हुजूर क्रोधायमान होऊन मसनदीवरून हुकूम सोडते जाहले की, येत्या शनिवारी सकाळपावेतो या साइटीच्या वाटेने एक तरी अशील यावा. न आला तर मफी साइट, मफी ऑपरेटर, म्हणजे साइटही नाही आणि ऑपरेटरही नाही, खलास!

हा घाव वर्मी बसला. कारण सुजीतरावांची पत्नी श्रावस्तीबाई लग्नास सवा वर्ष होऊन नागपुरीच होती. फॅमिली व्हिसाचा अर्ज हुजुरांच्या टेबली सहीवाचून पडला होता. आता ऑपरेटरच खलास जाहला तर अर्ज कोणाचा आणि व्हिसा कोणाचा! 

तेव्हा मसलतीस इलियासभाई बसले. हे मूळचे रत्नागिरी प्रांतीचे, पेढीचे कागद सरकारी कचेऱ्यांतून फिरवून आणण्यात निष्णात, बेटावर त्यांस ओळखत नाही ऐसा माणूस एक तर नवा उतरला असावा किंवा झोपला असावा. सुजीतरावांनी त्यांस साइटीचे गेस्टबुक दाखविले, म्हणजे पाहुण्याने येऊन आपले नाव आणि दोन शब्द लिहावयाची वही. ही वही भरली म्हणजे पेढीचा बोलबाला होईल, आणि बोलबाल्यामागून अशील येईल, ऐशी मसलत ठरली. इलियासभाई उठले, म्हणाले, "एवढंच ना? माणसं आणायचं काम माझ्यावर सोड. यल्ला!" आणि टोयोटा काढून मोहिमेस रवाना जाहले.

येथे नियतीने डाव टाकला. घरी बसून कॉम्प्युटरातून लिहावयाचे, हे सांगावयाचे सुजीतराव विसरले, आणि विचारावे ऐसे इलियासभाईंस वाटले नाही. कोकणी रिवाजाप्रमाणे वहीत नाव घालणे म्हणजे आमंत्रण, आणि आमंत्रण म्हणजे उंबऱ्यावर जाऊन, चहा घेऊन, सहकुटुंब या म्हणोन सांगणे. फोनवर बोलावले तर माणूस मयतासही रुसून येतो. मग भाई तुबलीच्या गॅरेजा फिरले, सनाबिसच्या बिऱ्हाडी गेले, जिदहफ्सचा बाजार पालथा घातला, चार दिवसांत त्र्याण्णव कप चहा प्याले, आणि सर्वांस एकच सांगणे केले की, शुक्रवारी नमाजानंतर वकीलसाहेबांच्या वहीत नाव लिहावयास यावे.

छ १३ रजब, कार्तिक पौर्णिमा, शुक्रवार. सुजीतराव अखेरचा यत्न म्हणोन सुट्टीचे दिवशी ऑफिसात आले. पुष्पलताबाई त्यांच्यावर नजर ठेवावयास आल्या. हुजूर त्या दोघांवर नजर ठेवावयास आले. आणि दीड वाजता जिन्यात ऐसा गलबला उठला की पायऱ्या हादरल्या. खिडकीतून पाहतात तो फौज! तुबलीचे मेकॅनिक इस्त्रीच्या कपड्यांत, जिदहफ्सचे व्यापारी, आंबेडकर जयंतीच्या कमिटीची समस्त मंडळी निळ्या टाया बांधून, बायका जरीच्या साड्यांत, पोरे इंग्रजीत रडताहेत. आणि वहीत नाव घालावयाचे म्हणोन कोणी रिकाम्या हाती आला नव्हता. सात भिंतीवरची घड्याळे आली, नऊ लेमन सेट आले, एक प्रेशर कुकर आला. रांग तिसऱ्या मजल्यापासून उतरून रस्त्यावर गेली आणि हमीद वकिलाच्या दारासमोर वळसा घेऊन थांबली.

सुजीतरावांनी कपाळास हात लाविला. "इलियासभाई, हे काय करून ठेवलं जी?" भाई छाती काढून बोलले, "तू म्हणालास वही भरायची. भरत नसेल तर सांग, मुहर्रकची माणसं अजून राहिलीत."

मग इलाज नव्हता. मोडेम चालू जाहले. त्याचा चीत्कार ऐसा की तुबलीच्या खाडीत उभे असलेले फ्लेमिंगो एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. एकेक पाहुणा खुर्चीत बसे, मराठीत बोले, आणि सुजीतराव इंग्रजीत टंकीत. पहिले वीस जण "साइट पाहून आनंद झाला" एवढेच बोलले. एकविसावा तुबलीचा अझहर मेकॅनिक, त्याने पडद्याकडे पाहिले, हुजुरांकडे पाहिले, आणि डोके खाजवून पुसिले, "वही भरतोच आहे, तर एक विचारू काय? गॅरेजचा करार अरबीत आहे, आणि मी सही करून बसलोय."

आता हुजुरांचे एक मर्म ऐसे की कायद्याचा प्रश्न कानी पडला म्हणजे त्यांस आवरत नसे. खुर्ची ओढून ते जवळ बसले, प्रश्न पुन्हा ऐकिला, आणि उत्तर फर्माविले की प्रथम सर्व पाने वाचून घ्यावी, मग सही करावी. आता केलीच आहे तर कागद घेऊन उद्या यावे. सुजीतरावांनी तेही वहीत टंकिले. ही वार्ता जिन्यावरून खाली पसरली आणि रांगेतल्या प्रत्येकास आपापला कज्जा आठवला. कोणाची रजा, कोणाची भिंत, कोणाच्या शेजाऱ्याचा बोकड. हुजुरांनी कोट काढिला, बाह्या सारल्या, आणि प्रश्नामागून प्रश्न असे उडवू लागले की जणू तिशीत गेले. दवंडी पिटणार नाही म्हणणारे वकील सात तास अखंड बोलत होते आणि सारे शब्द साइटीवर चढत होते.

त्या सात तासांत पुष्पलताबाईंची दशा पाहवेना. लाइन सुजीतरावांकडे, फोन निपचित. हात रिसीव्हराकडे जाई आणि मागे येई. अखेर त्यांनी दोन्ही हात पदरात बांधून घेतले आणि म्हणाल्या, "तुझ्या श्रावस्तीसाठी हं. तुझ्यासाठी नव्हे."

रात्री नऊ वाजता, एकशे चवदाव्या नोंदीखाली, एक नोंद आपोआप उमटली. खुर्चीत तर जिदहफ्सची महमुदाखाला बसली होती आणि तिने अजून तोंडही उघडले नव्हते! सुजीतराव मोठ्याने वाचू लागले. लिहिणार कोपनहेगन शहरीची लीनाबाई म्हणोन जहाजवाली. तिचे लोण्याने भरलेले जहाज एका कागदापायी बहरीनच्या बंदरी अडकले होते, लोणी वितळावयाच्या बेतात होते. तिने प्रथम हमीद वकिलास फोन लाविला, तो वाजून वाजून थकला. मग नजीब वकिलांस लाविला, तो दुपारपासून एंगेज. लीनाबाईंनी विचार केला की ज्या पेढीचा फोन सुट्टीचे दिवशीही क्षणभर रिकामा होत नाही ती पेढी थोरच असली पाहिजे. म्हणोन साइट शोधिली, गेस्टबुक आरंभापासून वाचिले, शेजाऱ्याच्या बोकडाचे उत्तर त्यांस विशेष पटले, आणि आता खटला हुजुरांस देऊ करितात. पंधरा मिनिटांत फोन करू, न उचलल्यास दुबईस दुसरा वकील पाहू. कृपा करून लाइन मोकळी ठेवावी.

सुजीतरावांनी मोडेमवर हात घातला, तो महमुदाखाला गर्जली, "खबरदार! तीन तास उभी आहे मी. माझं नाव वहीत आल्याशिवाय लाइन कोण तोडतो बघू!" मागे चाळीस माणसे, त्यांनीही कल्ला केला. घड्याळे आणली ती काय फुकट? बाका प्रसंग. इलियासभाई हात जोडीत, हुजूर घाम पुशीत, मिनिटे सरत. तेव्हा पुष्पलताबाईंनी पदराची गाठ सोडली, पुढे जाहल्या, खालाच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "खाला, या पोराची बायको सव्वा वर्ष विमानाची वाट बघतेय. नाव आत्ता हवं, की सून यायला हवी?"

खालाने सुजीतरावांकडे निरखून पाहिले. मग म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या?" आणि स्वहस्ते मोडेमची वायर उपटली.

ऑफिसात चिडीचूप. जिन्यात चिडीचूप. रस्त्यापावेतो सर्व फौज श्वास रोधून उभी राहिली. फोन वाजला. अर्धी घंटाही पुरी जाहली नव्हती तो रिसीव्हर बाईंच्या कानी होता, आणि अकरा वर्षांत कमाविलेल्या आवाजात त्यांनी पेढीचे नाव ऐसे उच्चारिले की सात समुद्रांपलीकडे लीनाबाई खुर्चीत ताठ बसल्या. हुजूर दहा मिनिटे बोलले. मग रिसीव्हर ठेवून म्हणाले, "अशील आला. इंशाल्ला, लोणीही उतरेल." आणि त्र्याण्णव कप चहा पाजणाऱ्या त्या समस्त फौजेने ऐसा जयघोष केला की समोर हमीद वकिलाच्या काचा थरारल्या.

कार्तिक वद्य प्रतिपदा, शनिवार. लोणी शाबूत बंदरी उतरले. सकाळी सुजीतरावांनी फॅमिली व्हिसाचा अर्ज पुढे ठेविला. हुजुरांनी पेन उघडले, आणि मग आदले दिवशी अझहर मेकॅनिकास जे सांगितले ते स्वतःही पाळणे प्राप्त म्हणोन अर्ज पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला. चाळीस मिनिटे वाचीत होते. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. सुजीतरावांचा जीव तितक्या वेळात चाळीस वेळा गेला आणि आला. मग सही जाहली, शिक्का जाहला. आणि सदरहू मोहिमेची फत्ते अर्जाच्या सहाव्या पानी, "पत्नी" या शब्दाखाली, निळ्या शाईने दाखल जाहली.