जर्मनीशी साटंलोटं

"गोरो माणूस कसो सांभाळूचो तां माका शिकवू नकात!" असं गंगारामने देवळाच्या पायरीवर बसून अख्ख्या गावाला ऐकवलं, तेव्हा त्याची छाती सदऱ्याची बटणं तोडायला निघाली होती. वीस वर्षं त्याने बोटीच्या भटारखान्यात काढली होती आणि त्याच्या हातचं खाऊन गोरा कप्तान चक्क जिवंत राहिला होता. याहून मोठी पदवी ती कुठली हो!

ही एकोणीसशे बासष्टची गोष्ट. गंगारामचा एकुलता एक मुलगा सत्यवान शेतकी कॉलेजात शिकत होता. त्याच्या कॉलेजाने आपला एक विद्यार्थी वर्षभर जर्मनीला पाठवायचा आणि तिथल्या विद्यापीठाने त्यांचा एक इकडे धाडायचा, असं ठरलं. सत्यवान राहणार डीटर नावाच्या पोराच्या घरी, आणि डीटर येणार वालावलला, सत्यवानाच्या घरी. गंगारामने हे सगळं बायकोला, काशीबाईला, नीट समजावून सांगितलं. तिने नारळ खवता खवता क्षणभर विचार केला.

"म्हणजे साटंलोटं!" ती म्हणाली.

"तसांच समज गो," गंगाराम म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण साटंलोटं म्हणजे काय, हे या घराला वेगळं सांगायला नको होतं. गंगारामची बहीण सुभद्रा दिली होती तोंडवलीला, काशीबाईच्या भावाला, आणि काशीबाई आली होती इकडे. इकडच्या सुनेला कोणी टोचलं की तिकडच्या सुनेला रक्त! लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सार अळणी झालं म्हणून गंगारामने ताट सरकवलं होतं. पाचव्या दिवशी तोंडवलीहून निरोप आला, सुभद्रेला जत्रेला नेलं नाही! तेव्हापासून पंचवीस वर्षं गंगारामने मिठाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तर सत्यवान तिकडे गेला आणि डीटर इकडे आला. सव्वासहा फूट उंच, गोरापान आणि हसरा. घरात पाऊल टाकतानाच त्याने दाराच्या चौकटीवर धाडकन कपाळ आपटलं. काशीबाईने धावत जाऊन हळद आणली, त्याच्या टेंगळावर थापली आणि मग डोळ्यांना पदर लावला.

"माझ्या सत्याचा कपाळ थंय कसा आसा, कोणाक ठावक!"

"अगो, जर्मनीतली दारां उंच असतत," गंगाराम म्हणाला.

"तुमी बघलात?"

वीस वर्षांत त्याने जर्मनीचा फक्त धक्का पाहिला होता, तोही बटाटे सोलता सोलता.

'डीटर' हे नाव काही काशीबाईच्या जिभेवर टिकेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने त्याचा दत्तू केला. दत्तूचा दिनक्रमही तिनेच आखला. सकाळी घावणे, मग पेज, दुपारी भात आणि बांगड्यांची कढी, चार वाजता नारळाच्या रसातले शिरवाळे, रात्री पुन्हा भात! बिचारा पोटावर हात ठेवून "नो, नो" म्हणायचा. काशीबाई त्याच्या समोर बसून रडवेली व्हायची.

"खा रे बाबा! तू उठलंस काय थंय माझ्या झिलाक पानावरसून उठवतले!"

गंगाराम दुभाष्याचं काम करी. "ईट! यू नो ईट, माय सन नो ईट!"

हे ऐकून डीटर चपापला. यांच्या मुलाला आपल्यापायी उपाशी का ठेवतात, हे त्याला कळेना. पोर सज्जन, म्हणून डोळे मिटून खायचा. महिनाभरात त्याची पँट बसेना आणि गंगारामचं जुनं धोतर लुंगीसारखं त्याच्या कमरेला लागलं.

खरं तर तो आला होता भातशेती शिकायला. पण ओट्यावरून त्याने पाय खाली टाकला रे टाकला की काशीबाई आडवी! "हेका चिखलात घातलो तर थंय माझ्या सत्याक चिखलात घालतले!" म्हणून मग डीटर ओट्यावर बसून लांबूनच शेताकडे बघायचा आणि वहीत लिहायचा. त्याने काय लिहिलं असेल, देव जाणे. भातशेती ही ओट्यावर बसून करतात, असंच बहुधा.

शेवटी लावणीच्या दिवसांत एका पहाटे त्याने घरातल्यांचा डोळा चुकवला. शेजारच्या गुरुदासच्या पाठोपाठ तो शेतात उतरला आणि पहिल्याच बांधावर त्याचा पाय खेकड्याच्या बिळात गेला. सव्वासहा फुटी देह चिखलात आडवा! चौघांनी उचलून आणला. पाय चोळण्यात हातखंडा असलेल्या तुळसा म्हातारीने पाला कुटून लावला आणि वर एवढी फडकी गुंडाळली की पायाचा कोहळा झाला.

"मोडूक नाय. मुरगळलो," तुळसा म्हणाली.

पण ऐकतं कोण! काशीबाईने अंगणात बसकण मारून गळा काढला, "माझ्या सत्याचो पाय मोडलो गोऽऽ!"

झालं! तिसऱ्या प्रहरापर्यंत गावभर बातमी पसरली. माणसं समाचाराला येऊ लागली. ओट्यावर डीटर पाय लांब करून बसलेला. त्याच्या पायावरून ओलांडून माणसं आत जात आणि काशीबाईला विचारत, "सत्यवानाचो पाय आता कसो आसा?" डीटर प्रत्येकाला हसून "गुड, गुड" म्हणायचा, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होती! देवळात सत्यवानाच्या पायासाठी गाऱ्हाणंही घातलं गेलं.

गंगाराम सगळ्यांना हसत होता. "खुळी माणसां!" म्हणत होता. पण आत कुठेतरी त्यालाही काटा लागला होता. पोरगं लांब, साता समुद्रांपलीकडे, आणि पंधरा दिवसांत त्याचं पत्र नाही. चौथ्या दिवशी, बायकोची समजूत घालायची म्हणून (असं तो म्हणाला!) त्याने कुडाळ गाठलं आणि जर्मनीला तार केली, 'हाऊ यूअर लेग? फादर.'

"गंगारामजी, मुलाच्या पायाला काय झालंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"तां माका कळला असता तर तार कित्याक करूची होती?" गंगाराम खेकसला.

तारेला उत्तर नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. काशीबाईने मासे सोडले. गंगारामची झोप उडाली, पण ते तो कबूल करीना. इकडे डीटरचा पाय बरा झाला, फडकी सुटली, तो अंगणात हिंडूफिरू लागला. त्याच्याकडे बघून काशीबाईला तेवढाच धीर येई.

आणि तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. गंगारामने ते फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

'तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमची तार पोस्टमनने मला रस्त्यातच दिली. मी सायकलवर होतो, चालवता चालवताच वाचली. पायाला काय झालं असेल म्हणून खाली वाकून बघितलं आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवर आदळलो. डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. उलट तार केली तर आई घाबरेल, म्हणून पत्र लिहितोय. डीटरची आई हातातली कामं टाकून माझ्यापाशी बसते. काळजी नसावी. पण बाबा, एक मात्र कळवा. माझा पाय मोडणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?'

काशीबाई रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त नवऱ्याकडे बघितलं.

"डावोच ना?"

"डावोच," गंगाराम म्हणाला.

"दत्तूचोय डावोच होतो."

हे सगळं त्या मेल्या तारेमुळे झालं, हे गंगारामला तेव्हाच सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण मग तार कोणी केली, हा प्रश्न आला असता. त्याने तोंड मिटलं, चुलीपाशी जाऊन वाटीत खोबरेल कोमट केलं आणि तो अंगणात आला. डीटर वासराच्या मागे धावत होता. गंगारामने त्याला दंडाला धरून ओट्यावर बसवलं, त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि खसाखसा चोळायला सुरुवात केली.

"माय लेग इज गुड!" डीटर कळवळून म्हणाला. "व्हेरी गुड!"

"गप बस मरे!" गंगारामने डोळे पुसले आणि आणखी तेल ओतलं. "धिस लेग, नॉट यूअर लेग!"