क्रिस्पुलो आडवा होतो

पाण्याखाली कसं वागायचं हे क्रिस्पुलोला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. असं तो स्वतःच सांगायचा, आणि सगळ्या गावाला सांगून झालं की पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. तीस वर्षं त्याने होडीवरच्या कॉम्प्रेसरची हवेची नळी दातांत धरून, तळाशी राहायला कमरेला शिसं बांधून आणि घरीच कापलेल्या प्लायवूडच्या फिन, म्हणजे पोहायचे पंखे, पायांत चढवून मासे मारले होते. समुद्राच्या तळावर तो बाजारात फिरावं तसा फिरे, उभाच्या उभा.

त्यामुळे बायकोच्या भाचीने, जोविलिनने, त्याला बुडी मारायला शिकवणाऱ्या तिच्या नवशिक्यांच्या वर्गात बसवलं तेव्हा गावाची चांगलीच करमणूक झाली. पण इलाज नव्हता. बायकोला, एपिफानियाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या दिवशी दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचे, प्रार्थना, गावजेवण, सगळं ठरलेलं. त्याआधी त्याला एकदा तिची बाग बघायची होती. बायकांच्या गटाने राखीव पाण्यात लावलेली प्रवाळांची बाग. अकरा वर्षं ती पाठीला हवेची टाकी लावून तिथे जात होती, आणि अकरा वर्षं हा विचारत होता, "दगडांना कसलं आलंय पाणी घालायचं?" बघायला म्हणून एकदाही गेला नाही. आता घरात तिच्या हातचं काही उरलं नव्हतं. तिने लावलेलं अजून वाढतंय असं ते एकच होतं. त्यात तिथल्या फांद्यांना नावाच्या पट्ट्या आहेत आणि त्यावर तुझंही नाव आहे, असं कुणीतरी बोलून गेलं. तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

बागेचा नियम बायकांनी केलेला, आणि तो एपिफानियाच्या नवऱ्यालाही चुकत नव्हता. वाळूच्या हातभर वर पाच मिनिटं सपाट आडवं राहायचं, कशाला शिवायचं नाही, वाळूही उडवायची नाही. जमलं तर आत, नाही तर किनारा मोकळा आहे.

पहिल्या दिवशी तो हट्टाने प्लायवूडच्या फिन घालून उतरला. कमरेला शिसं नेहमीपेक्षा कमी, लाकूड वर तरंगणारं आणि पाय काटकुळे. दोन्ही पाय आभाळाकडे गेले आणि डोकं वाळूत. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या लांबलचक पिवळ्या फिन आणल्या, तर एका फटक्यात वाळूचं असं वादळ उठलं की जोविलिनला तिचा विद्यार्थीच दिसेना. तिसऱ्या दिवशी कसाबसा आडवा झाला, आणि मिनिटभरात सवयीने उभा राहिला.

"तियो, उभं राहिल्यावर खाली काय दिसतं तुम्हाला?" जोविलिनने विचारलं. तियो म्हणजे काका.

"मासे."

"पायाखाली विचारतेय मी."

पायाखाली काय असतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिने मावशीच्या फिन आणल्या. काळ्या, आखूड, जाड रबराच्या, हातात घेतल्या तर जात्याच्या दगडासारख्या जड. क्रिस्पुलो बघतच राहिला. एपिफानियाचे पाय त्याच्यापेक्षा मोठे होते, ही गोष्ट त्याने चौतीस वर्षं चारचौघांत नाकारली होती. फिन त्याला सहज बसल्या, वर बोटभर जागा उरली. त्या वजनाने तरंगणारे पाय खाली आले, जोविलिनने कमरेचं थोडं शिसं वर टाकीच्या पट्ट्याला बांधलं, आणि तो पाण्यात आडवा राहिला. पाच मिनिटं. पापणीसुद्धा हलवली नाही. तिचे पाय आपल्याला धरून आहेत असं त्याला वाटत राहिलं, आणि वर आल्यावर तो बराच वेळ डोळ्यांवरची काच पुसत बसला.

वर्षाच्या दिवशी सकाळी ते बागेत उतरले. तो तिच्या फिन बेडकासारख्या मारत हळूहळू पुढे सरकला. पहिल्या फांदीच्या पट्टीवर तारीख होती आणि नाव, क्रिस्पुलो. दुसरीवर क्रिस्पुलो. तिसरीवर, दहावीवर, अख्ख्या रांगेत क्रिस्पुलो. काही फांद्या हाताएवढ्या झाल्या होत्या. आपण थट्टा करत होतो आणि ही बाई इथे आपल्या नावाने बाग लावत होती! त्याला रडू फुटलं, काचेत पाणी भरलं, काही दिसेना, आणि तीस वर्षं जे केलं तेच त्याने केलं. पाय खाली सोडले आणि तो उभा राहिला.

कटकन आवाज झाला.

काच रिकामी करून त्याने खाली पाहिलं. जोविलिन त्याच्या पायापाशी तुटलेला तुकडा उचलत होती. तिने तो शेजारच्या दगडाला बांधला, कमरेच्या पिशवीतून कोरी पट्टी आणि पेन्सिल काढली, आजची तारीख घातली. आणि खाली लिहिलं, क्रिस्पुलो.

पट्टीवर मोडणाऱ्याचं नाव असायचं.

होडीत चढून त्याने काच वर सरकवली. मग म्हणाला, "सगळ्या मीच मोडलेल्या?"

"त्रेचाळीस. आज चव्वेचाळीस." जोविलिन म्हणाली. "तुमची होडी जिथून परतायची तिथे मावशी दुसऱ्या सकाळी जायची. तुटलेले तुकडे वेचून इथे लावायला."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत, तियो?"

विचारलं नव्हतं. अकरा वर्षं ती त्याच्या मागून फिरत होती, आणि त्याने एकदा मान वळवून पाहिलं नव्हतं. ओल्या फिन मांडीवर घेऊन तो किनाऱ्यापर्यंत तसाच बसला.

दुपारी काळा सदरा उतरवून, पांढरा घालून तो पंगतीत बसला. सगळ्यांना उत्सुकता. शेजारच्या म्हातारीने विचारलं, काय पाहिलंस रे खाली?

"माझं नाव," तो म्हणाला. "चव्वेचाळीस वेळा."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ रे," ती म्हणाली, "किती जीव होता तिचा तुझ्यावर."

जोविलिनने तोंड उघडलं, क्रिस्पुलोकडे पाहिलं आणि मुकाट्याने आणखी भात वाढून घेतला.

"होता ना," क्रिस्पुलो म्हणाला, आणि ताटात मान घालून जेवू लागला.