नानाचा नळ गळतोय

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी वसंता माझ्या मोरीत उकिडवा बसून नळ दुरुस्त करत होता आणि मी त्याच्या डोक्यावर टॉर्च धरून उभा होतो. आमचं हे दर गुरुवारचं ठरलेलं काम. नळ खोलायचा, वॉशर बदलायचा, चहा प्यायचा. पुढच्या गुरुवारपर्यंत नळ परत गळायला लागायचा.

काम झालं की वसंता जे करतो ते मी दुसऱ्या कुठल्या प्लंबरला करताना बघितलेलं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. आत पाणी काय बोलतंय ते त्याला समजतं म्हणे. त्या दिवशी नळ ऐकून झाला, मग त्याने सदरा वर केला, तेच टोक स्वतःच्या बेंबीखाली टेकवलं आणि ऐकत बसला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"लाईन चालू आहे, नाना. पण एका ठिकाणी अडखळतेय बघ."

"मुडद्या, टोक गंजलंय. ऑपरेशनच्या आधी धनुर्वात व्हायचा."

वसंत मोरजकर, वय अडुसष्ट. डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या अलीकडे आमची बिल्डिंग आहे, त्यात तो तळमजल्यावर आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर. आजूबाजूच्या निम्म्या बिल्डिंगांचे पाइप त्यानेच टाकलेत. कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी बाथरूमला भेटून येतो. एका लग्नात आहेराचं पाकीट हातात घेऊन हा हॉलची मोरी बघायला गेलेला. परत आला आणि भर पंगतीत म्हणाला, "उतार चुकलाय. इथं काही टिकायचं नाही." नवरीचा मामा वाढप सोडून अंगावर धावून आला. मला मधे पडावं लागलं, माझा नवा सदरा आमटीने भिजला.

स्वतः लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "जॉइंट चुकीचा बसला तर भिंत फोडावी लागते, नाना. कोण फोडणार?"

दुनियेतल्या सगळ्या दुखण्यांना त्याच्याकडे एकच नाव होतं. हवा धरलीय. पोरगा नापास झाला, हवा धरलीय. सासू-सुनेचं बोलणं बंद, हवा धरलीय. उपायही एकच. पाइपवर हातोडा मारून उपयोग नाही, नळ थोडा सुटा ठेवायचा, हवा आपली आपण निघते.

दोन वर्षांपूर्वी माझी कुसुम गेली. लोक यायचे, देवाची इच्छा वगैरे बोलायचे, चहा पिऊन जायचे. मी तोंड उघडत नव्हतो. वसंता आला, दारातच उभा राहून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "नानाला हवा धरलीय," आणि गेला. मला असा राग आलेला की चप्पल फेकणार होतो. त्यानंतर महिन्याभरात मोरीतला नळ गळायला लागला. कुसुमच्या हाताखाली तीस वर्षं गप्प होता तो. मला वाटलं, नळालाही कळलं असणार.

तेव्हापासून वसंताचे गुरुवार सुरू झाले. तो नळ खोलायचा, मी त्याला शिव्या द्यायचो. दुसरं बोलणं नव्हतंच माझ्याकडे.

अशाच एका गुरुवारी टेफलॉनची पट्टी दाताने तोडत तो म्हणाला, "नाना, खालून लाल पाणी येतंय. गंज असेल." मी दुसऱ्याच दिवशी त्याला धरून ठाण्याला नेला, नौपाड्यातल्या हॉस्पिटलात.

दुर्बिणीने आतडं तपासायचं होतं, त्याच्या आधी पोट साफ करायची पावडर दिलेली, ती पाण्यात घालून तांब्याने पीत राहायची. माणसं या औषधाच्या नावाने रडतात. हा खूश. संडासातून बाहेर येऊन म्हणाला, "काय प्रेशर आहे! एवढं चेंबर मी जन्मात साफ केलं नसेन."

मी चौथीपर्यंत शाळा केली, त्यामुळे डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते जसं समजलं तसं सांगतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला गाठी वाढलेल्या. पॉलिप म्हणतात. लहान होत्या त्या दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून कापल्या. एक मात्र मोठी, पसरट, ती तशी निघण्यातली नव्हती. तिचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही. पण ठेवली तर पुढे होऊ शकतो. म्हणून पोटाला छोटी भोकं पाडून आतड्याचा तेवढा भाग काढायचा आणि दोन टोकं जोडायची.

मी 'कॅन्सर नाही' एवढं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकलो. कुसुमच्या वेळी मला उलटं ऐकावं लागलेलं.

वसंता मात्र पुढे सरकला. "मॅडम, जोड कशाने? कपलर लावता का सोल्युशन?"

"पिना मारतो. स्टेपलर असतो आमचा."

"आणि जोडाचं टेस्टिंग?"

"जोड पाण्यात बुडवून आतून हवा भरतो. बुडबुडे आले नाहीत म्हणजे पक्का."

वसंताने माझ्या मांडीवर थाप मारली. "पंक्चरवाल्यासारखं! नाना, बाई कामाची आहे."

असा माणूस हसत हसत आत गेला. बाहेर आला तो पिवळा पडून, नाकात नळी. नंतर मॅडमचा रोज एकच प्रश्न. "आजोबा, गॅस पास झाला?" आतडं चालू झाल्याची तीच खूण म्हणे. गॅस काही होईना. जन्मभर दुसऱ्यांना हवा धरलीय म्हणत फिरला आणि आता त्यालाच धरलेली. मी खाटेजवळ बसून त्याला पेपर वाचून दाखवायचो, अक्षर अक्षर लावत. एका सकाळी असाच वाचत असताना असा काही आवाज झाला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. वसंताने सलाईनचा हात वर केला आणि ओरडला, "लाईन क्लिअर!" सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच्या पादण्याने डोळे भरून आलेला डोंबिवलीतला मी पहिलाच असेन.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्टही चांगला आला. सुटलो.

त्याच दिवसांत इकडे नळ गळत होताच. वसंताची हत्यारांची पिशवी माझ्याकडे ठेवलेली. म्हटलं, दोन वर्षं बघतोय, आपणच करू. कॉक बंद करून नळ खोलला. आतला वॉशर म्हणजे जुन्या चपलेचा रबर, कडा कुरतडलेल्या. पिशवीत नव्या वॉशरचं अख्खं पाकीट, न फोडलेलं. शेजारी तंबाखूची डबी, तिच्यात तसलेच चपलेचे तुकडे कापून ठेवलेले, बरोबर माझ्या नळाच्या मापाचे. म्हटलं, बघा लबाड! नवीन असताना जुनं लावतो. नवा वॉशर टाकला. नळ गप्प. मी फुशारलो.

वसंता घरी आला. चार-पाच दिवसांनी हळूहळू जिना चढून चहाला आला. सवयीने मोरीत गेला, नळ सोडला, बंद केला, वाकून थेंबाची वाट बघत राहिला. थेंब आला नाही.

"कोणी केलं?"

"मी. तुला दोन वर्षांत जमलं नाही ते."

"चांगलं बसवलंस," म्हणाला. अर्धा चहा ठेवून खाली गेला.

त्यानंतर तो वर आला नाही. मॅडमनी वजन उचलायला मना केलेलं, पण बोलायला केलेलं नव्हतं. बिल्डिंगचं गटार तुंबलं, तरी हा खिडकीतून बघत बसला. उतारावर एक शब्द काढला नाही. मग आंबिवलीहून त्याची बहीण नलू आली. ती त्याला न्यायला नेहमीच यायची आणि हात हलवत परत जायची. या वेळी तो 'येतो' म्हणाला. कायमचा.

संध्याकाळी मी खाली गेलो. नलू कपडे भरत होती, वसंता भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"बरं झालं बाई, ऐकलं एकदाचं," नलू मला म्हणाली. "दरवेळी एकच टुमणं, नानाचा नळ गळतोय, मी कसा येऊ? मी म्हटलं, अरे, नवा नळ बसवून दे की म्हाताऱ्याला! तर म्हणे, तुला नाही कळायचं, त्याला हवा धरलीय."

"नलू, गप गं," वसंता भिंतीशीच बोलला.

वर आलो. मोरीत जाऊन उभा राहिलो. कोरडी ठक्क.

सकाळी उठलो तो आधी कॉक बंद केला. नळ खोलला, नवा वॉशर काढला, डबीतला सगळ्यात सडका चपलेचा तुकडा निवडून बसवला. कॉक सोडला. टप. टप. कुसुमच्या फोटोकडे बघितलं. तोवर खाली रिक्षा लागलेली. मी गॅलरीत गेलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "वसंताऽ! नळ गळतोय रे!"

खाली नलू म्हणाली, "अगंबाई, आता?"

मग वसंताचा आवाज आला, "नलू, रिक्षा सोडून दे. आणि त्याला सांग, मी येईपर्यंत पान्याला हात लावू नकोस म्हणावं."

मी तीन कप चहाचं आधण ठेवलं आणि टॉर्च शोधायला लागलो.