तुटलेल्या गुळवेलीची बखर

वनस्पतिदेवतेचे चरणीं मस्तक ठेवोन, कडू तें कडू आणि खरें तें खरें, ऐसें लिहितों. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं एका राज्यांत नवल वर्तलें. राज्य तीन खोल्यांचें, वरती गच्ची. गादीवर त्र्यंबकपंत आणि कारभार सारा त्यांच्या राणीसाहेब मथुराबाई यांचा. बाईंची आई निवर्तली आणि पुढें माहेरचें घर विकलें गेलें, त्या दिवशीं बाईंनीं परसांतल्या गुळवेलीची एक काडी ओल्या फडक्यांत गुंडाळोन आणिली आणि गच्चीवर कुंडींत लाविली; आणि तीन वर्षांत ती लोखंडी जाळी चढोन पाण्याच्या टाकीस वेढा देती जाहली. माहेरचें म्हणावें ऐसें बाईंपाशीं तेवढेंच उरलें होतें.

मग पंतांस ज्वर आला. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या आणि वर वैद्यबुवांस फोन केला, तेव्हां ते वदले, "गुळवेलीचा काढा घ्या की. पण कोवळी नको, अंगठ्याएवढी जाड काडी बघा." मग बाई बाजारांत गेल्या ऐसें पाहोन पंतांची स्वारी कात्रीसह गच्चीवर चढली, आणि जाड काडी शोधीत शोधीत कुंडीपाशीं उतरली, कारण सर्वांत जाड तेथेंच होती, आणि काढा थोडा पडूं नये म्हणोन मातींतलें मूळही उपटलें, ठेचलें, उकळलें, आणि तोंड वेडेंवांकडें करोन प्राशन केलें. ज्वर उतरला, गोळीनें कीं काढ्यानें, हें बखरकारास ठाऊक नाहीं.

बाईंनीं रिकामी कुंडी पाहिली. "बुडातूनच कापलीत? अहो, आईच्या हातची होती ती!" इतकें बोलोन बोलणें बंद जाहलें, आणि पंत मान खालीं घालोन जेवूं लागले. वरची वेल काढावयास बाईंचा हात होईना, म्हणोन ती जाळीवर तैसीच राहिली. आणि नवल ऐसें कीं आठ दिवस गेले तरी ती सुकेना. दहावे दिवशीं वरून दोऱ्यासारखें कांहीं लोंबतें दिसलें. पंतांस तो पतंगाचा मांजा वाटला. दुसरे दिवशीं तो बोटभर वाढला, तेव्हां पंतांनीं मापावयास टेप आणिली आणि पुन्हां वैद्यबुवांस पुसिलें. "मूळच ते! गुळवेल तोडली तरी वरून मुळं सोडते. हात लावू नका." मग पंत रोज तेथें खुर्ची टाकोन बसूं लागले, आणि बाई जिन्यांतून चोरोन पाहूं लागल्या. शेवटीं मूळ कुंडींतल्या मातीपासोन चार बोटांवर आलें आणि पंतांचा धीर सुटला, त्यांनीं मूळ धरावयास हात पुढें केला, तों मागून गर्जना जाहली, "ओढाल तर बघा!"

अठरा दिवसांतला तो पहिला शब्द. मग पंतांनीं कुंडी उचलिली आणि बाईंनीं खालीं विटा सारिल्या, आणि मूळ मातीस टेकलें. बाईंनीं त्यावर चिमूटभर माती लोटिली आणि हर्षानें वदल्या, "थांबा, आईला सांगते!" आणि सांगावयास आतां कोणी नाहीं हें ध्यानीं येऊन तेथेंच रडूं लागल्या. पंत शेजारीं जमिनीवर बसले. म्हणाले, "मला सांग." मग बाईंनीं पहिल्यापासोन सारें सांगितलें, आणि पंतांनीं तें प्रथमच ऐकत असल्यागत ऐकिलें.

येणेंप्रमाणें वेल मातीस लागली आणि राज्यांत बोलणें सुरू जाहलें. कात्री मात्र बाईंनीं आपल्या ताब्यांत घेतली.